वाकडे आकडे, उभा काटा

"काट्याकडे बघ, आकड्यांकडे नको. काटा उभा असेल तर निर्धास्त पुढे जा. उजवीकडे झुकायला लागला, तर पाय काढ आणि गाडी बाजूला घे."

हा आवाज माझ्या कानात अजून आहे. तसे मला कान नाहीत. मला एक गोल तोंड आहे, पाठीमागून निघालेली तांब्याची एक लांब, बारीक नळी आहे आणि त्या नळीच्या टोकाला बोटाच्या पेराएवढं एक बोंड आहे. पण आपल्याबद्दल जे बोललं जातं ते ऐकू येतंच. कसं, ते विचारू नका. मलाही ते नीट कळलेलं नाही.

मित्रांनो, मी एका जुन्या, दोन आसनांच्या शर्यतीच्या गाडीतला जुना तापकाटा आहे. इंजिन किती तापलं आहे ते सांगायचं, एवढंच माझं काम. माझं बोंड इंजिनातल्या पाण्यात बुडालेलं असतं आणि तोंड चालवणाऱ्याच्या समोर असतं. पाणी तापलं की नळीतलं द्रव्य फुगतं, मला आतून ढकलतं आणि काटा फिरतो. पाय चुलीवर आणि तोंड पाहुण्यांत, असं माझं जगणं. इतकं साधं काम करताना मी जन्मभर गोंधळात कसा राहिलो, ते तुम्हाला सांगायचं आहे. सांगता सांगता मलाच काही उमगलं तर बरंच होईल.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे शेवटच्या टेबलावर एक तपासनीस बाई बसायच्या. त्या आमच्यापैकी प्रत्येकाला आधी कोमट तेलात, मग कढत तेलात बुडवायच्या आणि शेजारच्या काचेच्या तापमापकाशी ताडून बघायच्या. बोलायच्या फार कमी. माझा काटा थरथरत जागेवर येऊन थांबला, तेव्हा त्या हळू आवाजात एवढंच म्हणाल्या, "जेवढं जाणवेल तेवढंच सांगायचं. कमी नाही, जास्ती नाही." मी तो माझा नेम मानला. तो मी कधीच मोडला नाही. तरीही पुढे जे झालं ते झालंच, आणि गोंधळ नेमका तिथेच आहे.

मला तेलात तपासलं, कारण मी तेलासाठीच बनलो होतो. मोठ्या यंत्रांमधलं तेल पाण्यापेक्षा पुष्कळ जास्त तापतं. म्हणून माझ्या काळ्या तबकडीवरचे पांढरे आकडे चाळीसपासून थेट एकशे ऐंशीपर्यंत जातात. पण ज्या यंत्रात मी बसायचा होतो, ते यंत्र बनवणंच बंद झालं. मी जुन्या सुट्या भागांच्या एका दुकानात, गंजलेल्या बिजागऱ्यांच्या डब्यात जाऊन पडलो. तिथे मी बराच काळ दुकानाचं तापमान सांगत होतो. कुणी विचारलं नव्हतं, पण नेम तो नेम.

एके दिवशी त्या डब्यात एक हात आला. त्या हाताला लोखंडाचा आणि तेलाचा वास होता. त्यानं माझं बोंड चिमटीत धरलं, खिशातल्या मोजपट्टीनं मापलं आणि दुकानदाराला म्हटलं की, हे बसेल. हे होते बाबा. म्हणजे माझे नव्हेत. त्यांच्या मुलीचे. पण घरात सगळे त्यांना बाबाच म्हणत, त्यामुळे मीही म्हणू लागलो. बाबा टर्नर होते, लोखंड कातून यंत्रांचे भाग घडवायचे. घराच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं लेथ मशीन होतं, आणि लेथच्या पलीकडे ती उभी होती. माझी गाडी.

शर्यतीची गाडी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे लाल रंग आला असेल. ती लाल नव्हती. ओल्या पाटीसारखी राखाडी होती. लांब नाक, बुटकी काच, वर छप्पर नाही, आणि आत बसायचं म्हणजे जवळजवळ निजायचं. बाबांनी ती मोडीच्या भावात आणली होती आणि सुट्टीच्या दिवशी एकेक भाग घासून, कातून, बसवून तिला पुन्हा उभं केलं होतं. तिचा मूळचा तापकाटा हरवला होता. त्याच्या जागी मी आलो. तेलासाठी जन्मलेला मी पाण्यात पाय सोडून बसलो.

आणि पहिल्याच दिवशी बाबांनी मला वाकडं बसवलं.

चुकून नव्हे, मुद्दाम. आधी सरळ बसवलं, गाडी चालू केली, इंजिन नीट तापू दिलं. चांगल्या चालीच्या वेळी या इंजिनातलं पाणी पंच्याऐंशी अंशांवर असतं. माझा पंच्याऐंशीचा आकडा वरच्या डाव्या बाजूला आहे, म्हणून काटा डावीकडे झुकून थांबला. बाबांनी थोडा विचार केला, मागचा स्क्रू सैल केला आणि मला माझ्या भोकातल्या भोकात उजवीकडे फिरवलं. पंच्याऐंशी बरोबर माथ्यावर येईपर्यंत. आता काटा ताठ उभा होता, पण माझे सगळे आकडे कलंडले होते. एकशे ऐंशी तर खाली तोंड करून लोंबत होता. मला भोवळ आल्यासारखं झालं. एवढी नीट छापलेली तबकडी आणि ती अशी तिरपी? मला वाटलं, यांना आकडे वाचता येत नसावेत.

असंच अजून एकाला वाटलं. मुलीच्या आईचे धाकटे भाऊ पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. त्यांना सगळे पेंटरमामा म्हणत. कुठेही गेले तरी त्यांची नजर आधी भिंतीवरच्या चौकटींकडे जायची, आणि एखादी तिरकी असली तर ती सरळ केल्याशिवाय ते पाणीसुद्धा पीत नसत. त्यांनी शेडमध्ये येऊन मला पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"भाऊजी, हे घड्याळ पिऊन आलंय का?"

बाबा लेथवरून मान वर न करता म्हणाले, "तुझ्या पाट्या वाचायच्या असतात. हे वाचायचं नसतं, नुसतं बघायचं असतं."

मामांना वाटलं, भाऊजींनी आपल्या पाट्यांना टोमणा मारला. त्यांनीही मग लेथच्या खडखडाटावर काहीतरी शेरा मारला, आई दोघांवर हसली आणि ते बोलणं तिथेच विरलं. बाबांनी खरं उत्तर दिलं होतं, पण चेष्टेच्या सुरात. चेष्टेत सांगितलेलं खरं माणसं कुठे ठेवतात, हे मला आजतागायत समजलेलं नाही.

बाबांनी नीट समजावून सांगितलं ते फक्त मुलीला. तिला घरात ठिणगी म्हणत. ती फार लहान होती, आणि बाबांच्या शेजारच्या आसनावर बसली की तिला काचेबाहेरचं काही दिसत नसे. दिसायचो तो मीच. तिला बाबा सांगायचे की, घाटात वळणावर डोळे रस्त्यावरून पापणी लवेपर्यंतच काढता येतात. तेवढ्यात आकडा वाचून होत नाही. पण काटा उभा आहे की कललेला, हे तेवढ्यात दिसतं. उभ्याच्या डावीकडे असला तर इंजिन अजून गार आहे. उजवीकडे गेला तर ते दमलंय. तेव्हा मला माझ्या तिरपेपणाचं कारण कळलं. कळलं म्हणजे, थोडंसं. आकडे वाचायचेच नसतील तर माझ्यावर ते छापले कशाला, हा प्रश्न उरलाच.

बाबांचा आणखी एक नेम होता. बॉनेट उघडण्याआधी ते त्यावर तळहात ठेवायचे आणि डोळे मिटून क्षणभर थांबायचे. हाताला स्वस्थ वाटलं तरच पुढे जायचे. "काट्याला विचार, मग हाताला विचार," असं ठिणगीला सांगायचे. "दोघांचं एकमत झालं तरच पाण्याचं झाकण उघडायचं. आणि तापलेल्या इंजिनावर गार पाणी कधी नाही. कुणी कितीही सांगितलं तरी नाही." दमून आलेली गाडीसुद्धा ते लगेच बंद करत नसत. इंजिन सावकाश चालू ठेवून मांडीवर हात घेऊन बसायचे, मी जागेवर येईपर्यंत. आई दारातून म्हणायची, "अहो, तिला विसावा देऊन झाला असेल तर स्वतः दोन घास खा."

वर्षातून एकदा घाटात शर्यत व्हायची. गाड्या एकेक करून सोडायच्या आणि माथ्यावर कोण कमी वेळात पोचतं ते बघायचं. बाबा कधी पहिले आले नाहीत. पण एका उन्हाळ्यात त्यांच्या पुढचे बरेच जण वाटेत वाफा सोडत उभे राहिले आणि आमची राखाडी गाडी शांतपणे वर जाऊन तिसरी आली. त्या दिवशी बाबांनी उतरताना माझ्या काचेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "याच्यामुळे." बक्षिसाच्या चषकात आईनं कपड्यांचे चिमटे ठेवले. मला मिळालेली शाबासकी तेवढीच, पण ती मला खूप दिवस पुरली.

मग एक विचित्र गोष्ट झाली. बाबा माझ्याकडे बघत होते आणि त्यांनी ठिणगीला विचारलं, "काटा कुठंय गं?"

मी तर समोरच होतो. ठिणगीला वाटलं, बाबा परीक्षा घेतायत. तिनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी ती उत्तर देण्याऐवजी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की, बाबांच्या नजरेचा मधला भाग पुसला जातो आहे. कडेकडेचं दिसेल, मधोमध धरलेलं दिसणार नाही. एखाद्याकडे नीट पाहावं आणि नेमका तोच नाहीसा व्हावा, असं हे दुखणं. मी नेहमी त्यांच्या नजरेच्या मधोमध होतो. म्हणून सगळ्यांत आधी मी गेलो.

गाडीवर चादर पडली. ठिणगी मोठी झाली, शिकली, रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला लागली. चादरीखाली मला दिवस आणि रात्र सारखीच होती. मात्र रोज सकाळी पावलं यायची, चादर थोडी वर व्हायची आणि बॉनेटवर एक तळहात टेकायचा. इंजिन गार. हात थोडा वेळ थांबायचा आणि जायचा. न चालणाऱ्या गाडीला रोज हात लावून कुणी काय विचारत असेल? मी माझ्या परीनं उत्तर द्यायचो: गार आहे, बाबा. आजही गार आहे.

एका सकाळी हातामागोमाग ठिणगीही आली. आदल्या दिवशी डॉक्टर म्हणाले होते की, आता हळूहळू कडेचंही जाईल. वर्ष, दीड वर्ष. ती गाडीला टेकून उभी राहिली आणि तिनं विचारलं, "बाबा, अजून काय बघायचं राहिलंय?"

बाबा हसले. "माथ्यावर गेलो की गाडी बंद करून मान मागे टाकायचो. तिथे नुसतं आकाश असतं. त्याला मध्य नसतो, त्यामुळे ते मला अजून दिसेल. पण ते काय, कुठल्याही गाडीनं जाता येईल."

"कुठल्याही नाही," ठिणगी म्हणाली. "याच गाडीनं. मी नेणार तुम्हाला. शब्द."

मित्रांनो, त्या एका शब्दानं शेड पुन्हा जागी झाली. सुट्टीच्या दिवशी ठिणगी बाह्या वर करून यायची. बाबा स्टुलावर बसून बोटांनी भाग चाचपायचे आणि सांगायचे, हा राहू दे, हा बदल. नवे रबरी पाइप आले, पंख्याचा पट्टा आला, रेडिएटर धुऊन निघाला. एकाच गोष्टीची सगळ्यांना धास्ती होती. इंजिनाच्या डोक्यावर ॲल्युमिनियमचा जाड ठोकळा असतो, त्याला हेड म्हणतात. या गाडीचं हेड आता जगाच्या पाठीवर मिळत नव्हतं. ते तडकलं तर गाडी मोडीत. आईनं तर बजावलंच होतं की, या वेळी बंद पडली तर शेड रिकामी करायची, तिला कपडे वाळवायला जागा हवी आहे. म्हणून ठिणगीनं ठरवलं, की आधी एकटीनं अर्धा घाट चढून बघायचं. सगळं ठीक असेल तर दुसऱ्या सकाळी बाबांना घेऊन माथा.

आणि इथे पेंटरमामा पुन्हा आले. त्यांना भाचीला भेट द्यायची होती. ती कामावर गेलेली असताना त्यांनी गाडीचा डॅशबोर्ड सोडवला, जुनं वॉर्निश खरवडलं आणि लाकडाला असा हात दिला, की त्यात तोंड दिसावं. मलाही पुसलं, माझं पितळी कडं घासलं. फार प्रेमानं. मग परत बसवताना त्यांनी डोळे बारीक केले, ओळंबा धरावा तसा अंगठा धरला आणि मला सरळ केलं. चाळीस खाली डावीकडे, एकशे ऐंशी खाली उजवीकडे, एकशे दहा माथ्यावर. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! इतक्या वर्षांनी माझे आकडे ताठ उभे राहिले. मला वाटलं, शेवटी एक तरी माणूस भेटला, ज्याला वाचता येतं.

संध्याकाळी ठिणगीनं ते लाकूड पाहिलं आणि त्यात वाकून आपलं तोंड बघितलं. बाबांनी डॅशबोर्डवरून हात फिरवला. माझ्या काचेवरून, कड्यावरून त्यांची बोटं गेली. कडं गोल. गोलाला कुठून वर आणि कुठून खाली? बोटांना काही कळलं नाही. ठिणगीला दिसत होतं, पण तिनं माझे आकडे जन्मात कधी वाचले नव्हते. तिला तसं शिकवलंच नव्हतं.

सकाळी आम्ही निघालो. घाट सुरू झाला तसं पाणी तापत गेलं आणि मी पंच्याऐंशीवर येऊन थांबलो. अगदी योग्य. पण पंच्याऐंशी आता डावीकडे होतं. ठिणगीनं पापणी लवेपर्यंत माझ्याकडे पाहिलं आणि पुटपुटली, "अजून तापली नाही वाटतं." तिनं पाय दाबला. मी चढू लागलो. नव्वद. पंच्याण्णव. तिनं पुन्हा पाहिलं, अजून डावीकडेच. खालच्या गिअरमध्ये गाडी किंचाळत वळणं घेत होती. शंभर ओलांडले. माझ्या नळीत असा दाब आला, की काच फुटेल असं वाटलं. मी ओरडत होतो, मित्रांनो. माझं ओरडणं म्हणजे फिरणं, दुसरं मला येत नाही. मी एकशे दहावर पोचलो आणि ताठ उभा राहिलो.

ठिणगीनं माझ्याकडे बघून मान हलवली. "शाब्बास," ती म्हणाली. "आता कसा उभा राहिलास."

माझ्या आयुष्यातली ही दुसरी शाबासकी.

मग मी उजवीकडे कललो आणि तिनं त्याच क्षणी पाय काढला. जसं शिकवलं होतं, अगदी तसं. गाडी बाजूला घेतली. पण तोवर बॉनेटच्या फटींतून पांढरी वाफ निघत होती आणि गोडसर, जळकट वास सुटला होता. तिनं चावी फिरवली. इंजिन थांबलं. घाटात इतकी शांतता झाली, की पत्रा कडकड वाजताना ऐकू येत होता.

मागून एक पाण्याचा टँकर आला. चालक उतरला, कमरेवर हात ठेवून वाफेकडे बघत राहिला. त्यानं सांगितलं की, तिचं नशीब मोठं, नाहीतर अशा वेळी कुठून पाणी मिळतं. तो नळी सोडवायलासुद्धा लागला. ठिणगी म्हणाली, नको. त्याला वाटलं, ती पैशांचं बघतेय. त्यानं सांगितलं, फुकट आहे. ती पुन्हा म्हणाली, नको.

आणि ऐन या वेळी मी घसरू लागलो. पाणी उडून गेलं होतं, माझं बोंड उघडं पडलं होतं. जेवढं जाणवेल तेवढंच सांगायचं हा माझा नेम, आणि मला तर काहीच जाणवत नव्हतं. इंजिन भट्टीसारखं आणि मी गार, आणखी गार म्हणत खाली येतोय.

टँकरवाल्यानं दारावरून वाकून माझ्याकडे बोट दाखवलं. "ताई, काटा तर उतरला की. आता तरी ओता. टँकरभर पाणी दारात उभं आहे आणि तुम्ही इंजिनाला उपास घडवताय."

ठिणगीनं माझ्याकडे पाहिलं. मग ती उतरली आणि बॉनेटच्या वर, वीतभर अंतरावर, तळहात धरला. तो तिला खाली नेताच येईना.

"हात नाही म्हणतोय," ती म्हणाली. "काका, तुम्ही जा. मी बसते."

तो बिचारा मान हलवत गेला. ती रस्त्याकडेच्या दगडावर बसली. ऊन वर आलं. तिनं मांडीवर हात ठेवले होते, अगदी बाबांसारखे, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं ते ती पुसत नव्हती. पत्र्यावर हात टेकता येईपर्यंत ती तिथून हलली नाही. मग तिनं फोन केला, पेंटरमामांचा टेंपो आला आणि आम्ही दोरीला बांधून घरी आलो.

शेडमध्ये सगळे जमले. ठिणगी सांगत होती, पण तिला स्वतःलाच काही समजत नव्हतं. काटा उभा होता, ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. बाबा, तुमची शपथ, काटा उभा होता. कलला तसा मी पाय काढला.

बाबांची बोटं डॅशबोर्ड चाचपत माझ्या कड्यावर आली. मग त्यांनी विचारलं, "माथ्यावर आकडा कुठला आहे?"

"कुठला म्हणजे?"

"वाच."

ठिणगी वाकली. पहिल्यांदाच तिनं मला वाचलं. "एकशे दहा," ती म्हणाली.

मामांच्या हातात पाण्याचा पेला होता. तो त्यांनी लेथवर ठेवला. "तो मी सरळ केला," ते म्हणाले. "तिरका होता म्हणून. भाऊजी, मला वाकडं बघवत नाही हो."

मला वाटलं, आता भांडण होईल. बाबांनी मामांच्या खांद्याचा अदमास घेतला आणि तिथे हात ठेवला. ते म्हणाले की, तू त्याच दिवशी विचारलं होतंस आणि मी थट्टेवारी नेलं. हिला काटा बघायला शिकवलं, पण तो उभा राहावा म्हणून तबकडी मुद्दाम वाकडी बसवलीय, ते सांगितलं नाही. आईनं मध्येच म्हटलं की, चूक कुणाची ते नंतर वाटून घ्या, आधी हेडचं काय ते बघा. मित्रांनो, मी त्या सगळ्यांकडे बघत होतो. मी खोटं बोललो नव्हतो. मामांनी वाईट केलं नव्हतं. ठिणगीनं सांगितल्याप्रमाणेच केलं होतं. मग चुकलं कोण? मी अजून शोधतो आहे.

हेड उतरवून एका कारखान्यात नेलं. मामा ते मांडीवर घेऊन गेले, तान्हं मूल न्यावं तसं, आणि तिथल्या उत्तरासाठी घरानं बरेच दिवस श्वास रोखून धरला. बाबांनी त्या दिवसांत एकदाच विचारलं, आज आकाश कसं आहे, आणि ठिणगी उठून आत गेली. शेवटी निरोप आला. हेड वाकलं होतं, पण तडकलं नव्हतं. घासून सपाट करता येणार होतं. गार पाणी पडलं असतं तर मात्र दोन तुकडे झाले असते, असं तिथला माणूस म्हणाला. त्या दिवशी आईनं शेडमध्ये एव्हाना वाळत घातलेले कपडे स्वतःच काढून नेले.

गाडी पुन्हा जोडली गेली, तेव्हा मला बसवायला मामाच पुढे आले. त्यांनी मला भोकात ठेवलं, अंगठा धरला आणि हळूहळू उजवीकडे फिरवलं. आकडे कलंडू लागले तसं त्यांचं तोंड आंबट झालं. अर्ध्यावर हात थांबला. "आणखी?" त्यांनी विचारलं. "आणखी," बाबा म्हणाले. पंच्याऐंशी माथ्यावर आला. मग बाबांनी सांगितलं म्हणून मामांनी कानशीनं माझ्या पितळी कड्यावर, बरोबर माथ्याच्या जागी, एक खाच पाडली. आता बोटांनाही माझा माथा कळणार होता. मामा मागे सरकून मला न्याहाळत राहिले. "दिसतं वाकडंच," ते म्हणाले, "पण वाकडं म्हणून नाही वाटत आता."

मुलांनो, मी म्हातारा झालो आहे, आणि शहाणा झालो असं काही मला वाटत नाही. पण तुमच्याकडे एक मागणं आहे. कुठलीही वस्तू तिरकी, विचित्र, वेगळी बसलेली दिसली, तर ती सरळ करण्याआधी विचारा की, ती तशी का आहे. आणि कुणी विचारलं तर थट्टेत उडवू नका, नीट सांगा. आमच्याकडे जरूर बघा, आमची निगा राखा, आमचं पाणी तपासा. पण फक्त आमच्यावर विसंबू नका. आम्हाला जेवढं जाणवतं तेवढंच आम्ही सांगतो. उरलेलं तुमच्या हाताला विचारा.

आज पहाट नुकतीच सरली आहे. शेडचं दार उघडलं, चादर निघाली. ठिणगीनं बॉनेटवर तळहात ठेवला, डोळे मिटले, थांबली. मग झाकण उघडून पाणी पाहिलं आणि पुन्हा घट्ट लावलं. आई दारात उभी आहे. बाबा शेजारच्या आसनावर बसले आहेत आणि त्यांचं बोट माझ्या खाचेवर आहे.

ठिणगीनं चावी फिरवली. गाडी गल्लीतून सावकाश निघाली, कुणाची झोप मोडू नये म्हणून. मी डावीकडे आहे, अजून गार. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि या वेळी वाचलंही.

"येतोय," ती बाबांना म्हणाली.

मी वर येऊ लागलो.